काहून हो वहिनी, स्कार्फ धुतला का?

लिंबू कशाला कापून राहिल्या? सोनूच्या तोंडाला? अहो, नका चोळू! अकोल्याचं ऊन, त्यात नवतपा. लिंबाचा रस लावून पोट्टी गाडीवर निघाली तं चट्टे पडतील, काळे. मग पुटकुळ्या बऱ्या होत्या म्हणाल.

इकडे या जरा, कूलरच्या आवाजात ऐकू नाही येत. काल फाटकात तिनं स्कार्फ सोडला तेव्हा पाहिलं मी. कपाळ साफ, अन् हनुवटीपासून कानापर्यंत रांगच्या रांग. तो स्कार्फ कधी धुतला शेवटचा? वास घेऊन पाहा एकदा! नुसत्या घामानं काही होत नाही हो. पण घामेजलेला कपडा घट्ट आवळून दिवसभर घासला की छिद्रं बुजतात. स्कार्फ सोड म्हणत नाही मी, या उन्हात कसा सोडेल? सुती घ्या दोन-तीन, अन् रोज धुतलेला द्या.

आंबे बंद केले तिचे? अरेरे. बिचारीचा रस काहून तोडला? वरून साखर नका ओतू म्हणजे झालं. अन् तोंड दोनदा धुतलं की पुरे, ती तं दर तासाला खसखसा घासून राहिली.

हळू बोलते, कुणी ऐकेल. मेडिकलवाल्यानं कुठली ट्यूब तं नाही ना दिली? माझ्या नणंदेच्या पोरीला दिली होती एकानं. आधी तोंड असं तुकतुकीत! सोडली तशी लालेलाल, पुरळ दुप्पट. स्टेरॉइड होतं त्यात. बेटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही ट्यूबवर दिसलं तं हातही लावू नका डॉक्टरला विचारल्याशिवाय.

मग नेलं स्किनवालीकडे. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड, 2.5 टक्के, वरून जेलचं सनस्क्रीन. रात्री अडापलिन, मटाराच्या दाण्याएवढं, सगळ्या तोंडाला. पुटकुळीवर टिकली लावल्यासारखं नाही. आधी पुरळ वाढल्यासारखी वाटते म्हणे, फरक पडायला 8 ते 12 आठवडे. इथंच पोट्ट्या कंटाळतात.

अन् त्या बेन्झॉइलची गंमत ऐका. नणंदेची जांभळी उशीची खोळ होती, नवी कोरी. तिच्यावर पांढरे ठिपके! नणंद धावली कामवालीवर, ब्लीच सांडलं म्हणून. औषधानं रंग उडते हे डॉक्टरनं सांगितलं होतं, पण ऐकते कोण? बाई जी रुसली, आठवडाभर नणंदेनंच भांडी घासली.