शुक्राचार्यांच्या गावचा वन्समोअर

खाडिलकरांचं ‘संगीत विद्याहरण’ १९१३ सालचं. त्यातली कच-देवयानीची कथा घडली म्हणतात ती आमच्या बेट कोपरगावात. शुक्राचार्यांचं मंदिर आहेच. म्हणजे नाटक घरचंच, मग तिकीट कशाला? पास असेल तर बघू!

जुनं संगीत नाटक नव्याने लागलं की पहिल्या रांगेतले काका नाक मुरडतात: ‘बालगंधर्वांची सर नाही.’ बालगंधर्व गेले १९६७ला, काका जन्मले नंतर. ऑर्गनने सूर धरावा, तोच मागून मोबाइलवर आलाप: ‘नाटकाला आलोय, बोल!’ ऐन तानेत वेफर्सची पिशवी फुटते. मद्याला शाप देणाऱ्या शुक्राचार्यांना मात्र कडकडून टाळ्या, त्याही मध्यंतरात ‘जरा बाहेर’ जाऊन आलेल्यांच्या.

मंडळी, पुढच्या वेळी निदान तिकीट तरी काढा.