ताबा सोडण्याबाबत

प्रति,
श्री. वॉलपेपर (मरून अंगावर सोनेरी वेलबुट्टी),
बाहेरची खोली, पश्चिमेची भिंत,
दुसरा मजला, डोंबिवली पूर्व.

विषय : भिंत रिकामी करून देण्याबाबत अंतिम सूचना.

महोदय,

स. न. वि. वि.

आम्ही हे रीसेलचं घर घेतलं तेव्हा करारनाम्यात पंखे होते, गिझर होता, खिडक्यांच्या ग्रिलसुद्धा होत्या. तुमचं नाव कुठेच नव्हतं. जुने मालक गेले, जाताना दारावरची पाटी आणि बाथरूममधला आरसाही घेऊन गेले. तुम्ही मात्र राहिलात. भाडं नाही, मेंटेनन्स नाही, साधी ओळखदेखसुद्धा नाही. 1947 च्या भाडेकायद्याच्या जोरावर गिरगावच्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भाडेकरूंकडेही निदान पावत्या असत. तुमच्याकडे काय आहे ते दाखवा.

आमच्याकडे काय आहे तेही सांगून टाकते. स्टँप ड्यूटी, नोंदणी, दलाली, सोसायटीचं हस्तांतर शुल्क आणि बँकेचा पहिला हप्ता एवढं उरकल्यावर घर सजवायला 8,000 रुपये उरले. आकडा ऐकून वहिनींनी विचारलं, “फक्त पडद्यांचे ना?” सगळ्याचे, म्हटलं. त्यानंतर त्यांनी विषय बदलला.

तुमचा थाट मात्र राजवाड्याचा. बाहेरची खोली केवढी, तर दिवाण उघडला की दार अर्धंच उघडतं. आणि भिंतीवर तुम्ही : मखमल, जर, कोयऱ्या, कमानी. पाहुणा येतो, आधी तुमच्याकडे बघतो, मग आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे बघतो आणि काहीच बोलत नाही.

म्हणून तुमच्या घराण्याची चौकशी केली. राग मानू नका, पण तुम्ही लोक मुळातच नकली. युरोपातले सरदार भिंतींवर विणलेले गालिचे आणि मखमल लावत. ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी तुमचे पूर्वज कागदावर तीच नक्षी छापून घेत. कागदावर सरस फासून वर लोकरीची भुकटी चिकटवली की झाली मखमल! तरी तुमचा रुबाब एवढा वाढला की 1712 साली इंग्लंडच्या सरकारनं छापील वॉलपेपरवर कर बसवला. लोकही आपल्यासारखेच. साधा कागद आणायचा, भिंतीवर लावायचा आणि नक्षी नंतर घरीच रंगवून घ्यायची. करवसुलीचा खोटा शिक्का मारणाऱ्याला 1806 मध्ये थेट फाशीची तरतूद झाली. कर उठला तो 1836 मध्ये. भिंतीच्या कागदापायी फास! आणि इथे तुम्ही फुकटात राहता.

तुमच्याही अंगावर लबाडीच्या खुणा आहेत. कपाट सरकवलं तेव्हा मागे दीड फूट रुंदीची उघडी भिंत निघाली, जुन्या पिस्ता रंगाच्या डिस्टेंपरची. आधी वाटलं, फाटून गेलात. मग हिशेब केला. एक रोल साधारण 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब. आमची उंची साडेनऊ फूट, म्हणजे नक्षी जुळवून एका रोलमध्ये तीन पट्टे निघतात. भिंत बारा फुटांची, तिला सात पट्टे हवेत. दोन रोलमध्ये सहाच निघतात! सातव्या पट्ट्यासाठी अख्खा तिसरा रोल घ्यायचा कोणी? जुन्या मालकांनी तिथे कपाट ठेवलं. मी त्यांना ओळखत नाही, पण हा हिशेब बघितल्यावर त्यांच्याबद्दलचं मत बरंच सुधारलं.

असो. तर तुम्हाला बाहेर काढण्याचे रीतसर प्रयत्न झाले. कोपरा नखानं उचलला आणि ओढला, तर वरचा व्हिनाइलचा थर सरसर निघून आला, छताजवळपासून थेट कमरेपर्यंत. तेवढा एक क्षण वाटलं की जग सरळ आहे. मग कळलं की निघाला तो तुमचा कोट. आतला पांढरा कागद भिंतीला तसाच मिठी मारून बसलाय. त्याच्यावर कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण आणि व्हिनेगर घालून ते स्पंजानं फिरवायचं, वीसेक मिनिटं भिजू द्यायचं आणि पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचं. त्याआधी त्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाचा मेन बंद करायचा, हे वाचकांसाठी सांगते, तुम्हाला काय फरक पडतो? पाणी कमी पडलं तर कागद हलत नाही. जास्त झालं तर जुनी लांबी फुगते आणि कागदाबरोबर भिंतीचेही पोपडे हातात येतात. मधलं प्रमाण रंगाऱ्याला माहीत असतं आणि तो त्याचेच पैसे घेतो.

रंगारी आले. भिंतीवर बोटानं टकटक केलं, कान लावला, आणि म्हणाले, “ताई, या पैशात भिंत उघडी होईल. बंद नाही होणार.” खरवडणं, लांबी, घासणं, प्रायमर, दोन हात रंग, असा त्यांचा क्रम, आमचे पैसे घासण्यापर्यंत पोचत होते.

“मग वरूनच मारा की रंग,” असं सुचवणारे नातेवाईक आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना रंगाऱ्यांनी एका दमात गप्प केलं. पाण्यात कालवायचा रंग लावला तर त्याच पाण्यानं आतली खळ भिजते, कागद जागोजागी फुगतो, पट्ट्यांचे सांधे उठून दिसतात. त्यावर उपाय ऑइल प्रायमरचा. पण त्याचा वास जाईपर्यंत झोपायचं वहिनींकडे. आणि एवढं करूनही तुमच्या उठावाच्या कोयऱ्या रंगाखालून डोकं वर काढणारच.

इथे एक सूचना करावीशी वाटते. वॉलपेपर म्हणून जमलं नाही तर दुसरा धंदा करता येतो. 1957 साली न्यू जर्सीत दोन अभियंत्यांनी प्लास्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवून उठावदार वॉलपेपर बनवला, मध्ये हवेचे फुगे अडकले. भिंतीवर तो कोणालाच नको होता. आज त्याला बबल रॅप म्हणतात, आणि तो फोडायला मिळावा म्हणून घरोघरी पोरं भांडतात. तुमचं वय अजून गेलेलं नाही.

आता खरा आरोप. कपड्याखालची खरूज लपवावी तशी तुम्ही आमच्यापासून ओल लपवलीत. जमिनीपासून गुडघ्याच्या वर तुमच्या पाठीमागे काळी-हिरवी बुरशी निघाली, आणि खळीवर पोसलेली कसर भर दिवसा पळापळ करू लागली. व्हिनाइलमधून भिंतीला श्वास घेता येत नाही. बाहेरून आलेलं पाणी आतच मुरत राहतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात वॉलपेपरच्या हिरव्या रंगात आर्सेनिक असायचं, त्या मानानं आमचा हिरवा गरीब, हे मान्य. पाणी येतं ते बाहेरून, स्लॅब आणि वीटकाम मिळतं तिथल्या भेगेतून. बाहेरची भिंत सोसायटीची. सोसायटीचं म्हणणं, विषय सर्वसाधारण सभेत घेऊ. सभेत गणपतीच्या वर्गणीवर दोन तास गेले आणि चहा आला.

तेव्हा समझोता करू या. तुमचा खालचा तीन फुटांचा भाग पूर्ण काढायचा, भिंत पावसाळा संपेपर्यंत उघडी वाळू द्यायची. भेग बुजल्यावर तेवढ्याच पट्ट्याला लांबी आणि रंग. एवढे पैसे आहेत. वर तुम्ही राहा. कपाटामागे जपून ठेवलेला तुमचाच एक लांब तुकडा सापडला आहे, जिथे कोट निघाला तिथे तो खळीत चिमूटभर मोरचूद घालून चिकटवू, म्हणजे कसरीला जरा विचार करावा लागेल. दोघांच्या हद्दीवर लाकडी बीडिंगची पट्टी ठोकू, की लोकांना वाटावं मुद्दामच केलंय. उरलेल्या तीन भिंतींना साधा फिकट पिवळट रंग, तो मीच मारीन. मरून रंगाची अजून एकही वस्तू या खोलीत येणार नाही, एवढं वचन देते. तुमचा एकट्याचाच आवाज पुरेसा आहे. दीड फुटाच्या उघड्या पट्टीपुढे कपाट पूर्ववत.

भाडं मागत नाही. पाहुणे आले की गप्प बसा.

आपली,
घरमालकीण (हप्ते चालू)

प्रत माहितीसाठी : सोसायटीचे मा. सचिव यांना. भेगेचा फोटो तिसऱ्यांदा जोडला आहे. या वेळी विषय गणपतीच्या आधी घ्यावा, ही विनंती.