गार असताना?

अण्णा आधी टायरला भेटतात, मग माणसाला. चपलेनं चाकाला हलकेच ढोसायचं आणि विचारायचं, "हवा किती?" तुम्ही तेहतीस म्हणा, तीस म्हणा, पुढचा प्रश्न ठरलेला. "गार असताना?"

असे अण्णा तुमच्याही गल्लीत आहेत. पेठ वडगावात ते आमच्या वाट्याला आले, इतकंच. खिशाला पेन नाही, गेज. वडगावच्या पोलीस ठाण्यानं पाहिले नसतील इतके पीएसआय रोज त्यांच्या तोंडी. पंपावरच्या पोरानं "पस्तीस मारू?" म्हणायचा अवकाश, त्याला ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवं बसवून चौकटीवरचा स्टिकर वाचायला लावतात. "कंपनीनं लिवलंय न्हवं? टायरवर छापलाय तो आकडा जास्तीत जास्तीचा, तेवढी भरायची नसती." मागे रांग, हॉर्न, शिव्या. नायट्रोजनला पैसे मोजणाऱ्यांची तर त्यांना कीव येते. "साध्या हवेत 78 टक्के तोच हाय की, फुकट!"

एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या गाडीवरच्या झेंडूच्या माळा बाजूला सारून मागच्या डाव्या चाकाला गेज लावलं. चोवीस! नवरदेव घोड्यावरून उतरतोय आणि हे विचारतायत, "सकाळी गार असताना किती हुती?"

2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, टायर फुटल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि अण्णांना ऊतच आला. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं म्हणणारा सापडला की त्याची सुटका नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबून तापतो आणि तापूनच फुटतो, हे ते चहा निवेपर्यंत सांगतात. पळून आलेल्या टायरचा आकडा चढलेलाच असणार. तो बघून हवा सोडणारा माणूस त्यांच्या लेखी आंधळा. गाडी तीन तास उभी राहिली पाहिजे. वैताग येतो, पण खोटं एक अक्षर नाही, हे मान्य करावं लागतं.

गेल्या वर्षी पोरगा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. चारी चाकांची हवा समोरच्या स्क्रीनवर. अण्णा गेज काढून वाकले तर तो म्हणाला, "बाबा, राहू दे, इथंच दिसतंय." अण्णा आत बसले. छत्तीस, छत्तीस, पस्तीस, छत्तीस. बराच वेळ बघत राहिले. पोरगा नेहमी जेवला की परत फिरणारा.

"ह्यो आकडा खोटा," अण्णा म्हणाले. "पुण्यास्नं पळून आलीया. सकाळी गार असताना बघू."

पोरगा राहिला. आता दर खेपेला राहतो.

काकूंनी हे कधीच ओळखलंय. किणीचा टोलनाका ओलांडल्याचा फोन आला की त्या रात्रीचंही पीठ मळायला घेतात आणि गाडी दारात लागली की आतूनच ओरडतात, "तापलीय न्हवं रं?"