स्वाती, व्हाया पोलादपूर

रायगड चढणाऱ्या माणसाला अंतर विचारायची फार हौस. चित् दरवाजापासून शे-दोनशे पायऱ्या झाल्या की तो धापा टाकत ताकवाल्या मावशींपाशी टेकतो आणि विचारतो, "मावशी, अजून किती?" मावशी रवी न थांबवता म्हणतात, "ह्ये काय, आलंच की." पुढच्या वळणावर दुसऱ्या मावशी, उत्तर तेच. पायऱ्या दीड हजाराच्या आसपास आहेत, पण 'आलंच' हे माप पहिल्या पायरीला जेवढं असतं तेवढंच शेवटच्या. पर्यटकाच्या मनगटावरचं घड्याळ त्याच वेळी मीटर, पावलं, ठोके असं सगळं दाखवत असतं. त्याने चढण काही कमी होत नाही. ताकाने थोडी होते.

ज्याला हे झेपत नाही तो हिरकणीवाडीत येतो. दंतकथेतली हिरकणी तान्ह्या लेकरासाठी अंधारात कडा उतरून आली, तेव्हा तिने कड्याची उंची कुणाला विचारली नव्हती. तिच्या नावाच्या वाडीतून 1996 पासून रोपवे वर जातो. पाऊण किलोमीटरचा दोर, चार-साडेचार मिनिटांचा प्रवास. म्हणजे वेग झाला ताशी 10 किलोमीटर. रांगेत उभ्या माणसाला दुसरं काम नसल्याने हिशेब पुढे न्यायला हरकत नाही. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. याच पाळण्यात बसून निघालं तर चार वर्षं साडेचार महिने लागतील. सूर्य 14 कोटी 96 लाख किलोमीटरवर. तिथे जायला सतराशे वर्षं. 6 जून 1674 ला, ऐन राज्याभिषेकाच्या दिवशी सुटलेला पाळणा आज सूर्याच्या वाटेचा जेमतेम पाचवा हिस्सा कापून दोराला लोंबकळत असता.

गंमत अशी, की सूर्याचं हे अंतर युरोपात नेमकं त्याच सुमारास मोजलं जात होतं. 1672 साली खगोलज्ञ कासिनी पॅरिसमधून आणि त्याचा सहकारी रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून एकाच वेळी मंगळाकडे बघत होते. दोघांना दिसणाऱ्या मंगळाच्या जागेतला बारीकसा फरक धरून सूर्य सुमारे 14 कोटी किलोमीटरवर असल्याचं निघालं. पहिल्या धडाक्यात एवढं जवळ जाणं म्हणजे कमालच. पुढे 1676 मध्ये, रायगडावर छत्रपतींचं राज्य चालू असताना, पॅरिसमध्ये रोमर गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं मोजत बसला होता. ग्रहणं कधी लवकर लागत, कधी उशिरा. त्यावरून त्याने ताडलं, की पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला 22 मिनिटं लागतात. खरा आकडा साडेसोळा मिनिटांच्या थोडा वर आहे. पण किती लांब, याचं उत्तर त्याने मिनिटांत दिलं. महाडच्या स्टँडवर रायगड किती लांब विचारलं तर कंडक्टरही "तासाभराचा रस्ता" असंच म्हणतो. प्रकाशवर्ष याच जातीचं माप आहे. फक्त गाडी वाटेत चहाला थांबत नाही.

आपल्याकडचं माप पूर्वी माणसाच्या अंगावरच असायचं. बोट, वीत, हात, विहिरीच्या खोलीला परस. आर्यभटाने 499 साली तोच माणूस उचलून आकाशात नेला. त्याचं एक योजन म्हणजे 8,000 पुरुष, एकाच्या डोक्यावर दुसरा उभा केल्यासारखे, आणि पृथ्वीचा व्यास 1,050 योजनं. आता हा पुरुष किती उंच, यावर सगळं अडलं. चार हातांचा म्हणजे सहा फुटी धरला तर पृथ्वी अडीच हजार किलोमीटरहून जास्त फुगते. व्यास आजच्या 12,742 किलोमीटरवर आणायचा तर पुरुष जवळजवळ पाच फुटी लागतो. चंद्राचं अंतर मात्र त्याने पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे 65 पट धरलं होतं. खरं आहे 60 पट. त्या हिशेबात माणूस बुटका की उंच याने काहीच बिघडत नाही, हे बरं झालं.

शेतकऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. "सूर्य कासराभर वर आला" म्हणताना कुणी कासरा घेऊन सूर्याला टेकवत नाही. ते आकाशातलं उघड्या डोळ्यांनी मोजलेलं अंतर, म्हणजे खरं तर कोन. आकाशनिरीक्षणाला आलेल्या पोरांना आजही हेच शिकवतात: हात ताठ पुढे धरला की मूठ सुमारे दहा अंश, करंगळी एक अंश, आणि पौर्णिमेचा चंद्र अर्धाच अंश. अख्खा कोजागिरीचा चंद्र करंगळीआड सहज लपतो; दूध पिताना करून बघावं.

आता रोजचं माप आणि आकाशाचं माप यांचा सांधा. इथे एक योगायोग माणसाच्या मदतीला धावून येतो. मैलात 63,360 इंच असतात. प्रकाशवर्षात सूर्य-पृथ्वीचं अंतर 63,241 वेळा बसतं. म्हणजे सूर्य ते पृथ्वी एक इंच धरलं, की एक प्रकाशवर्ष म्हणजे झाला एक मैल! सेंटिमीटर धरला तर 632 मीटर असला बेचव आकडा येतो. इंच-मैल घालवायचा कायदा 1956 साली झाला, पण नळवाल्याला अजून कुणी कळवलेलं नाही. तो 'अर्धा इंची', 'पाऊण इंची' असंच मागतो, तेव्हा आपणही मागायला हरकत नाही.

तर हिरकणीवाडीत, रोपवेच्या आवारात एका जागी सूर्य ठेवायचा. तो पाव मिलिमीटरचा, बारीक रव्याचा कण. इंचभर अंतरावर पृथ्वी. ती काही दिसायची नाही. पृथ्वीपासून चंद्र एका केसाच्या जाडीइतका लांब. 1969 साली साऱ्या जगाने श्वास रोखून पाहिलेली मोहीम ती एवढीच. नेपच्यून तीस इंचांवर, वारभर कापडात सगळे ग्रह आटोपले. 1977 मध्ये निघालेलं व्हॉयेजर-1 वर्षाला साडेतीन इंच सरकत जेमतेम चौदा फुटांवर पोचलंय, अजून आवारातच आहे. आणि मित्र हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारा सर्वांत जवळचा तारा? तो सात किलोमीटरवर, पाचाडच्याही पलीकडे. मधे सगळी सामसूम.

पुढच्या ताऱ्यांकडे एसटीने जावं. व्याध महाडच्या निम्म्या वाटेवर. श्रवण महाडात, चवदार तळं मागे पडता पडता. अभिजित पोलादपूरच्या थोडा अलीकडे. तिथे फाटा लागतो. स्वातीकडे जायचं तर महाबळेश्वरची गाडी धरावी. 37 मैल होतात, म्हणजे आंबेनळी घाटात कुठेतरी वळणावर उतरावं लागेल. चित्रेला जाणाऱ्याने मात्र कशेडीचा रस्ता धरावा आणि दोन डबे सोबत घ्यावेत. ती अडीचशे मैलांवर, थेट गोव्यात आहे.

आकाशगंगेचा मध्य 26,000 मैल. पृथ्वीचा परीघच 24,900 मैलांचा. त्यामुळे तिकडे निघालेला माणूस सगळी दुनिया फिरून पुन्हा हिरकणीवाडीत येईल, रव्याचा कण जागेवर आहे ना ते बघेल आणि आणखी अकराशे मैल चालू लागेल. देवयानी दीर्घिका पृथ्वीवर मावतच नाही. सूर्य रव्याएवढा करूनही ती 25 लाख मैलांवर राहते, म्हणजे खऱ्याखुऱ्या चंद्राच्याही दहापट लांब. तिथवर पाळण्याला शेहेचाळीस वर्षं लागतील. यात जेवणाची सुट्टी धरलेली नाही.