लागलीच तर...

हौशी फोटोग्राफरची सहल आदल्या रात्रीच निम्मीअधिक होऊन जाते. जेवणं उरकून टेबल पुसलं, की त्यावर सगळ्या लेन्स ओळीने उभ्या राहतात, मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवारांसारख्या गंभीर. मी एकेक उचलतो, कॅप काढतो आणि दिव्याकडे तिरकी धरून आत डोकावतो. वरच्या काचेत दिवा हिरवट दिसतो, त्याखालच्या काचेत जांभळा, त्याखाली आणखी एक, आणखी लहान. खोल विहिरीत कुणी उतरत्या भाजणीने चंद्र मांडून ठेवावेत तसे. या डोकावण्याने लेन्स काही अधिक स्वच्छ होत नाही. पण देवघरातली घंटा तरी कुणी देवाला जागं करायला म्हणून वाजवतो का?

कार्यक्रम तसा साधाच असतो. पहाटे निघायचं आणि दुपारच्या जेवणाला परत यायचं. भिगवणला जायचं असेल तर लांब पल्ल्याची टेलि घ्यावी, विषय संपला. उजनीच्या पाणफुगवट्यात रोहित पक्षी चोच उलटी बुडवून उभे असतात, नाव जरा जवळ सरकली की अख्खा थवा गुलाबी होऊन उठतो. तिथे मॅक्रो लेन्सचं काय काम? पण काठच्या गवतावर दवाने जड झालेला चतुर बसला असेल तर? कासच्या पठारावर जायचं तर मॅक्रो पुरे. सीतेची आसवं बोटाच्या पेराहून मोठी नसतात, त्यांच्यापुढे वाकल्याशिवाय ती दिसतही नाहीत. पण नेमका एखादा शिक्रा येऊन दूरच्या फांदीवर बसला तर? अशा रीतीने प्रत्येक ठिकाणी, तिथे असलेल्या गोष्टींपेक्षा नसलेल्या गोष्टींसाठी जास्त सामान जातं. बायको दारातून विचारते, “एवढं सगळं लागणारे?” मी म्हणतो, “लागलीच तर.” यावर तिच्याकडे उत्तर नसतं. ‘लागलीच तर’ला जगात कुणाकडेच उत्तर नसतं, म्हणून तर माळे भरतात.

मग वजनाचा प्रश्न येतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी लेन्स तोलतो. पन्नासची साधी लेन्स जेमतेम दीडशे ग्रॅम भरते, आणि कामाला सगळ्यात आधी धावून येते. तिला झूम नाही; ज्याचा फोटो काढायचा त्याच्याजवळ आपल्या पायांनी जावं लागतं, आणि एवढ्या जवळ गेल्यावर दोन शब्द बोलावेच लागतात. सत्तर-तीनशे तिच्या चौपटीने जड, पण तिच्यामागे लपता येतं. माझ्यासारखी संकोची माणसं दुर्बिणीच्या वंशातल्या या लेन्सवर उगीच जीव टाकत नाहीत. विमानाने जायचं झालं तर पंचाईत वाढते. हातातल्या सामानाला ७ किलोंची मर्यादा, आणि लेन्स खालच्या सामानात टाकायला मन धजावत नाही. म्हणून विमानतळावर आमचा पंथ चटकन ओळखू येतो. भर मे महिन्यात अंगात जाकीट, दोन्ही खिसे फुगलेले, आणि हात अंगापासून थोडे दूर, पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यासारखे.

पावसाळा लागला की लेन्सचं पथ्यपाणी सुरू होतं. दमट हवेत काचेच्या आत बुरशी धरते. कोळ्याने चोरून विणावं तसं बारीक जाळं पसरत जातं आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा, डब्यात आर्द्रता दाखवणारं इवलंसं घड्याळ आणि सिलिका जेलच्या पुड्या. हे निळे खडे ओल पिऊन गुलाबी होतात, मग त्यांना शेकून पुन्हा निळं करायचं. काटा पन्नाशीच्या वर सरकला की मी अस्वस्थ होतो. आईचे गुडघे जूनच्या पहिल्या ढगाबरोबर बोलायला लागतात. त्यांच्यासाठी घरात असलं कुठलं घड्याळ नाही. एकदा तिने चष्मा सावरून त्या डब्यात पाहिलं, कोरड्या उबेत मऊ फडक्यावर पहुडलेल्या लेन्स पाहिल्या आणि एवढंच म्हणाली, “ह्यांचं बरंय.”

मनाला खायला लागलं की मी इतिहासाचा आधार घेतो. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज फोटोग्राफर १८६३ साली सिमल्याहून हिमालयात निघाला, तेव्हा त्याचं सामान वाहायला तीसेक हमाल होते. त्या काळी फोटो काचेवर उमटायचा. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायचा. म्हणजे काचा, बाटल्या आणि अंधारसुद्धा बरोबर न्यावा लागे. १८६६मध्ये तो हा सगळा संसार घेऊन १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीत पोचला. त्याच्यापुढे माझी एक बॅग म्हणजे काहीच नाही, असं मी बायकोला सांगतो. ती विचारते, “त्या हमालांचे फोटो काढले का त्याने?”

या सगळ्या हिशेबाला दिवे घाटात एका आजींनी हात घातला. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघालेली, भुरभुर पाऊस, आणि वळणावर मी, पाठीवर बॅग घेऊन. आजी दम खायला माझ्या शेजारी टेकल्या.

“एवढं वझं कशाचं रं बाबा?”

“काचा आहेत, माउली.”

“इकायच्या?”

“नाही, फोटो काढायच्या.”

त्यांच्या पिशवीत काय आहे, ते मी विचारलं. एक लुगडं, एक ताटली, पावसाला हा प्लास्टिकचा कागद. वाकळ तेवढी दिंडीच्या ट्रकात. आळंदी ते पंढरपूर जवळपास अडीचशे किलोमीटर, तेवढ्यासाठी एवढं. मी तर जेवायला घरी जाणार होतो.

“मग काढ की माजा,” त्या उठल्या. कॅमेऱ्यावर सत्तर-तीनशे होती, आणि पावसात लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात ढग घेणं. त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत चौकटीत बसवायचं तर पंधरा-सोळा फूट मागे जायला हवं होतं. मी मागे सरकलो, तर मोकळ्या जागेत लगेच चार पताका आणि एक मृदंग शिरला. आणखी सरकलो, अख्खी दिंडी शिरली. पलीकडून आवाज आला, “आरं, कुटं निघालास?” शेवटी मीच गर्दीतून वाट काढत परत गेलो आणि मावला तेवढा चेहरा घेतला. कपाळावरचा बुक्का पावसाने नाकापर्यंत उतरलेला, प्लास्टिकच्या कडेला थेंबांची झालर. पडद्यावर त्यांनी तो बारकाईने पाहिला. “म्हातारी झाले की गं बया,” त्या स्वतःलाच म्हणाल्या. मी पत्ता मागितला, फोटो पाठवतो म्हटलं. “मला काय करायचाय? कुटं ठिवू, भिजंल. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे.” आणि चालू लागल्या.

यंदा तो फोटो मी लॅमिनेट करून घेतलाय. आता भिजायचा नाही. दिंडी रथाच्या मागची, एवढंच त्या बोलण्याच्या ओघात म्हणाल्या होत्या. रथापुढच्या २७ दिंड्या त्यामुळे वजा झाल्या, पण मागच्यांची ओळ नजर पुरत नाही इतकी लांब. बायको म्हणाली, एवढ्या माणसांत सापडणारेत का त्या? मी म्हटलं, सापडल्याच तर. ती काही बोलली नाही, मात्र फोटो बॅगेत सरकवताना त्याचा कोपरा दुमडत होता, तो तिने सरळ केला. घाटाच्या वरच्या वळणावरून एकेक चेहरा ओळखायचा तर लांबची लेन्स हवी. सत्तर-तीनशेला बॅगेत जागा नेहमीच होती, यंदा कारणही आहे.