शेकडा दोनचं दुखणं

बीडमध्ये नवं दुकान थाटलं की आधी गणपतीची तसबीर लागते, मग क्यूआर कोड. क्रेडिट कार्डाचं मशीन सगळ्यांत शेवटी येतं आणि गल्ल्याखाली जाऊन बसतं.

गिऱ्हाईकानं कार्ड काढलं की मालक विचारतो, "दादा, फोनपे नाही का?"

मग मशीन घेतलं कशाला? पूजेला?

मालकाचंही चुकत नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर 2020 पासून दुकानदाराला शुल्क नाही. क्रेडिट कार्डावर मात्र साधारण दोन टक्के कापले जातात. 20,000 रुपयांचा मोबाइल विकला की 400 गेले. त्या 400 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 72. ज्यानं अजून जीएसटी नंबर काढलेला नाही, त्याचे 72 कायमचे गेले. मशीनचं भाडं वेगळंच.

मशीन गळ्यात मारायला आलेला पोरगा हे सगळं नीट समजावून सांगतो. सही झाल्यावर.

मग मालक तोडगा काढतो, "कार्डावर दोन टक्के जादा पडतील." डेबिट कार्डावर असे जादा पैसे घ्यायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलेलं आहे. पण रिझर्व्ह बँक मुंबईत आणि दुकान सुभाष रोडवर.

आता दुसरा हिशेब करू. तोच मालक, तोच मोबाइल, पण उधारीवर. गिऱ्हाईक दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार आणि पैसे देणार कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर. मालकानं माल भरायला सावकाराकडून शेकडा दोननं पैसे उचललेले. 20,000 चे पाच महिन्यांचे झाले 2,000.

बँकेचे दोन टक्के एकदाच. सावकाराचे दर महिन्याला.

तरी बोटं मोडायची बँकेच्या नावानं आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहायचं उधारीच्या वहीला!

कार्डाचे पैसे बहुधा दुसऱ्या दिवशी खात्यात येतात. उधारीचे कधी येतात? फोन उचलला तर विचारून बघा.

खरं दुखणं दोन टक्क्यांचं नाहीच. कार्डाची नोंद राहते, ते खुपतं. जुलै 2025 मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. लगेच तिथल्या दुकानांत 'फक्त रोख'च्या पाट्या झळकल्या. धास्ती समजते. पण उद्या धंदा वाढवायला कर्ज मागायला गेलात, की बँकेचा साहेब हीच उलाढाल बघायला मागणार. त्याच्यापुढे वही उघडणार का?

किराणावाल्यानं मात्र कार्डाचं मशीन अंगाला लावून घेऊ नये. साखरेत, तेलात जेमतेम चार पैसे सुटतात. त्यातले दोन बँकेला दिले, तर दुकान उघडलं कुणासाठी?

तेव्हा चहा, किराणा, भाजी यांना कोड पुरे. मोबाइल, टीव्ही, फर्निचर विकणाऱ्यानं मशीन जरूर घ्यावं आणि दोन टक्के विक्रीच्या किमतीतच धरावेत. गिऱ्हाईकाशी गल्ल्यावर हुज्जत नको. सहीआधी कार्डाचा दर, मशीनचं भाडं आणि मशीन परत करतानाचा खर्च कागदावर लिहून मागा.

पोरगा "तोंडी सांगतो ना" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.