छताला चिकटलेल्या साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय धूरगजर साहेब,
मुक्काम बोळाचं छत, तिसरा मजला, स्टुटगार्ट, जर्मनी.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, येळवशीच्या सकाळी आपण जी कामगिरी बजावलीत तिच्याबद्दल आपला जाहीर सत्कार करावा, असं आमच्या घरात ठरलं आहे. हार तयार आहे, शिडी तेवढी मिळत नाही.

आपला अधिकार मी जाणतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या कायद्याने २०१४ संपायच्या आत जुन्या घरांतसुद्धा आपली नेमणूक झाली. झोपायच्या खोल्या आणि तिथून बाहेर पडायची वाट, एवढीच आपली हद्द. स्वयंपाकघर आपल्या खात्यात नाही. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी स्वतःच्या टेबलावरची फाईल बघायला माणूस जागेवर सापडत नाही, आणि आपण शेजारच्या खात्यातली कढई बघता!

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे रानात. कडब्याची कोपी, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पूजा झाली की भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. इथे बोलावणारं कुणी नाही, म्हणून बायकोने फ्रीझरमधली हिरवी तूर काढली. (बायको नांदेड जिल्ह्यातली, कंधारकडची. भज्जीत बेसन किती, यावर आमचं आजवर जमलेलं नाही.) चुका मिळाला नाही, चिंचेवर भागवलं.

इथलं घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास मागे. तिकडे रानात पंगत बसते तेव्हा आमचे सकाळचे आठ. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यात कोपीच्या तोंडाशी बसलेली आई. तेलात ठेचलेला लसूण पडला, तांबूस झाला, त्यावर मिरची पडली आणि आपण बोंब ठोकलीत. तीन मीटरवर ८५ डेसिबल, असं आपल्या कुळाचं प्रमाण आहे म्हणे. मी तर थेट आपल्या खाली उभा होतो.

"कोण वरडायलंय रे तिकडं?" आई.

"कुणी नाही, भज्जी झाली म्हणून सांगायलंय."

आपल्या पोटात प्रकाशाचा एक किरण असतो. बाहेरचे कण आत शिरले की तो विखुरतो आणि आपण ओरडता. कण जळत्या पडद्याचे की लसणाच्या फोडणीचे, ही चौकशी आपल्या कामात बसत नाही. बाहेर बर्फ, घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि मी आपल्याला टॉवेलने वारा घालतोय, एवढ्यात खालच्या आजींनी ११२ फिरवला. त्यांना दोष नाही, ८५ डेसिबलला माणूस दुसरं काय करणार? हेल्मेटवाले दोघे वर आले. एकाने कढईत डोकावून पाहिलं, दुसऱ्याने माझ्या हातातला टॉवेल. मी आंबील विचारली. मडक्यातलं आंबूस पांढरं पेय बघून, ड्यूटीवर पीत नाही म्हणाले. ताकातली आहे हे सांगेपर्यंत जिना उतरलेसुद्धा.

साहेब, मी लातूरचा. बोंब न मारता वाट बघण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही. २०१६च्या मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. गाडीचं नाव 'जलदूत'. लोकांनी तिचे फोटो काढले. मांजरा धरण काही एका रात्रीत आटलं नव्हतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आटत होतं. तेव्हा छतावरून, भिंतीवरून, कुठूनच शिट्टी वाजली नाही. आपल्यासारखा तडफदार अधिकारी खरं तर त्या धरणावर पाहिजे होता. पण बदल्या अशाच होतात. जिथे नळाला बारमाही पाणी, तिथे आपण, आणि तेही माझ्या लसणावर.

बायको म्हणते, त्यांना न्हाणीघरातली टोपी घाला. भाडेकराराच्या कलमात ते बसत नाही, आणि मलाही पटत नाही. मध्यरात्री एखादी वायर पेटली तर उठवायला आपणच आहात.

म्हणून विनंती एवढीच. येळवशीला लातूरचे जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. आपणही पुढच्या वर्षी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकावी. बदली कामगार म्हणून मी स्वतः बोळात उभा राहीन, काही जळालं तर ओरडेनही. मराठवाड्याचा गळा आहे, आजींना ऐकू जाईल.

आपला नम्र,
तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू

ता. क. हेल्मेटवाल्यांच्या बुटांचा चिखल जिनाभर झाला. इकडे जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. त्या आठवड्यात पाटी आमच्याच दाराला होती. झाडू-फडक्याचं काम आपल्या हद्दीत येतं का, तेवढं उलटटपाली कळवावे.